ओल्या बियांचा मंगळवार

प्रिय सुनीता,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. तुमचा निनाद नोकरी सोडून दापोलीकडे जमीन घेणार आणि तिथं सगळा कोको लावणार, हे ऐकून यांना हसू आलं आणि मला जरा धास्तीच वाटली. तू म्हणालीस, "तू तर कोकोतच राहतेस, तूच त्याला समजाव." आता कोकोत राहते हे अर्धंच खरं. आम्ही राहतो पोफळीत, कोको तिच्या सावलीला वाढतो. आणि समजवायचं म्हणजे नको म्हणायचं, असंही नाही. पण हे सगळं फोनवर अंगठ्यानं टाइप करणं माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून आमच्या ओंकारच्या लॅपटॉपवर ठाण मांडून बसलेय. चहा बाजूला आहे. तूही घेऊन बस.

आपण दोघी ठाण्याच्या, कॅडबरी जंक्शनवरून शाळेत जाणाऱ्या. आज तू बर्मिंगहॅमला, बॉर्नव्हिलच्या शेजारी, आणि मी पुत्तूर तालुक्यात, जिथं कॅम्पकोचा चॉकलेटचा कारखाना आहे. चॉकलेटनं आपला पिच्छा काही सोडला नाही बघ. फक्त तुझ्याकडे ते कागदात गुंडाळून येतं आणि माझ्याकडे चिखलात पडलेलं असतं.

निनादनं कुठली बातमी वाचली असेल ते मला न सांगता कळतं. 2023 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या बाजारात टनाला अडीच-पावणेतीन हजार डॉलर असलेला कोको एप्रिल 2024 मध्ये अकरा हजारांच्या वर गेला, आणि त्याच डिसेंबरात बारा हजारांच्याही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या शेजारशेजारच्या दोन देशांत पिकतो. तिथं पावसानं घोळ घातला, फळं काळी पडून कुजली, फांद्या सुजवणाऱ्या विषाणूनं झाडं वाळली, आणि घानात तर सोन्याच्या बेकायदा खाणींनी कोकोच्या बागाच खणून काढल्या. पण मुळातलं दुखणं जुनं आहे. वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्या हाती इतकं कमी पडलं, की म्हातारी झाडं काढून नवी लावायला, खत घालायला त्याच्याकडे पैसाच उरला नाही. आणि भाव वाढला तेव्हा तरी त्याला मिळाला का? त्या दोन्ही देशांत खरेदीचा भाव सरकार ठरवतं आणि माल बराचसा आधीच विकलेला असतो. त्यामुळे बाजार आभाळाला भिडला तेव्हा त्याच्या अंगणात त्यातलं थोडंच उतरलं.

आमच्याकडे मात्र बाजार थेट अंगणात आला. ओल्या बियांचा किलोला साठ-पासष्टच्या आसपास घुटमळणारा भाव तीनशेकडे गेला, केरळात सुक्या बियांना हजारावर मिळाले. ज्यांनी वीस वर्षं कोकोकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते झाडाखाली वाकून बिया वेचायला लागले. चोऱ्याही झाल्या, अगं! आणि 2025 संपेपर्यंत न्यूयॉर्कचा भाव बारा हजारांवरून निम्म्यावर आला. त्याच वर्षी आंध्रात, जिथं देशातला सगळ्यात जास्त कोको होतो, व्यापारी माल उचलेनात म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले आणि सरकारला मध्ये पडून किलोमागे मदत जाहीर करावी लागली. निनादच्या हिशेबाच्या कागदावर यातलं नेमकं कुठलं वर्ष आहे, ते त्याला विचार.

आमच्या घरानं हा खेळ आधी एकदा पाहिलाय. 1965 च्या सुमारास कॅडबरीनं हिंदुस्थानात कोको लावायची खटपट सुरू केली, आणि सत्तरच्या दशकात केरळ, दक्षिण कन्नड सगळीकडे रोपं वाटली गेली. मामंजींनी पोफळीच्या दोन ओळी सोडून एक, अशी हौसेनं लावली. झाडं भरात आली आणि 1980 च्या सुमारास जागतिक बाजार कोसळला. खाजगी खरेदीदारांनी हात आखडता घेतला. पोफळ घरात वर्षभर पडून राहिली तरी चालते, पण कोकोची ओली बी आज फळातून काढली की उद्या विकायलाच हवी. सासूबाई सांगतात, भरलेल्या टोपल्या बैलगाडीतून नेल्या तशा परत आणल्या आणि खतात ओतल्या. मग मामंजींनी कुऱ्हाड लावली. ते एकटे नव्हते, इथल्या घरोघरी तेच झालं. विहिरीकडची तेवढी झाडं तोडायची राहून गेली.

उरलेला कोको वाचवला तो कॅम्पकोनं. ही सुपारी बागायतदारांची सहकारी संस्था, 1973 ची, कर्नाटक आणि केरळ मिळून काढलेली. वारणाशी सुब्राय भट हे तिचे पहिले अध्यक्ष. इथं अजूनही त्यांचं नाव आदरानं घेतात. सुपारीच्या दलालांना आवर घालायला संस्था निघाली होती, कोकोशी तिचा काही संबंध नव्हता. पण शेतकऱ्यांचा माल कुणी घेईना तेव्हा ती उतरली, बिया विकत घेऊ लागली, वाळवून परदेशी पाठवू लागली. आणि नुसत्या बिया विकून भागेना तेव्हा 1986 मध्ये पुत्तूरला थेट चॉकलेटचा कारखाना उभा केला. उद्घाटनाला राष्ट्रपती झैलसिंग आले होते. शेतकऱ्यांच्या संस्थेनं चॉकलेट करायचं, म्हणजे तेव्हा कितीकांनी नाकं मुरडली असतील! मला विचारशील तर त्या कारखान्याचं खरं काम चॉकलेट नव्हेच. भाव पडलेला असतानाही कुणीतरी दारात उभं राहून टोपली घेतं, हे त्याचं काम. भाव कमी मिळाला तर शेतकरी कुरकुरतो. टोपली परत आली तर झाड तोडतो.

आता बागेत चल. कोकोची फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, जून खोडावर येतात, इतकी बारीक की चष्म्याशिवाय मला दिसत नाहीत. शंभर फुलांतली जेमतेम एक ते पाच धरतात. परागीकरण मधमाशी करत नाही, चिलटाएवढा एक किडा करतो, आणि तो वाढतो कुजलेल्या पाल्यात, केळीच्या जुन्या खुंटात. म्हणून नव्या उत्साहानं बाग झाडून लख्ख करणाऱ्याला इथले जुने गडी थांबवतात. फळ तयार व्हायला पाच-सहा महिने. पिकलं की खारी आधी हजर. त्या साल कुरतडतात, गर चाटतात आणि बिया खाली टाकतात. फळ कोयत्यानं कापायचं नाही, बी चिरते. दगडावर किंवा लाकडी दांडक्यानं आपटून फोडायचं. आत तीस-चाळीस बिया, सीताफळात असतो तसा पांढरा गर लेऊन बसलेल्या. चव आंबटगोड, सुगंधी. चॉकलेटचा तिथं मागमूस नसतो.

चॉकलेटची चव येते ती पुढे, आंबवण्यात. आम्ही बहुतेक ओल्याच बिया विकतो, पण ओंकारनं गेल्या वर्षी थोड्या घरी आंबवून पाहिल्या. केळीच्या पानांचं अस्तर लावलेली वेताची टोपली, वर पानं आणि गोणपाट. दुसऱ्या दिवशी ताडीसारखा वास, मग व्हिनेगरचा. मध्ये मध्ये उलथवायचं. आत हात घातला तर चटका बसावा इतकं ते तापतं. पाच-सहा दिवसांनी बी कापून पाहिली तर जांभळा रंग जाऊन तपकिरी होत आलेला असतो. मग उन्हात वाळवायची. तीन किलो ओल्या बियांची साधारण एक किलो सुकी होते. पावसाळ्यात ऊन कुठलं? बुरशी धरते आणि सगळं मुसळ केरात. ओंकारच्या पहिल्या घाण्याला सासूबाईंनी नाक धरून अंगणाबाहेर काढलं!

पण माझा आवडता भाग वेगळाच आहे. सुपारीचे पैसे वर्षातून एकदोनदा येतात, मोठे येतात, आणि यांच्या खात्यात जातात. त्यांची वाट आधीच ठरलेली असते, बँकेचं कर्ज, गड्यांची उचल, लग्नकार्य. कोको मात्र हंगामात दर आठवड्याला. आमच्याकडे मंगळवार ओल्या बियांचा. सोमवारी दुपारी मी, सासूबाई आणि कामाला येणारी गिरिजा फळं फोडतो, मंगळवारी ओंकार स्कूटरवरून कॅम्पकोच्या शाखेत टाकून येतो. ते पैसे माझ्या हातात येतात आणि त्यांचा हिशेब मला कुणी विचारत नाही. गिरिजाच्या माहेरी चारच झाडं आहेत, तिच्या आईचा औषधांचा खर्च त्यावर निघतो. शेतकऱ्याच्या उत्पन्नाची भाषणं मी खूप ऐकलीत, त्यात हा मंगळवार कधी ऐकला नाही.

शिवाय पोफळीवर चढणारे मिळेनासे झालेत. पन्नास फूट उंचीवर जाऊन कोळेरोगाची फवारणी करायला कोणाचा मुलगा तयार आहे? सुळ्याच्या बाजूला, संपाजे, अरंतोडकडे, पिवळ्या पानांच्या रोगानं बागाच्या बागा बसल्या, आता पानांवरच्या ठिपक्यांचा रोग आलाय. कोकोला चढावं लागत नाही. उंची छाटून आवाक्यात ठेवली की सासूबाई चौऱ्याहत्तराव्या वर्षी फळं काढतात. छाटणीला मात्र आळस चालत नाही. खोडावर सरळ उभे फुटवे येतात, ते खुडत राहावे लागतात. पावसाळ्यात फळकूज येते, तिला पोफळीसारखंच मोरचूद-चुन्याचं बोर्डो. विट्टलचं संशोधन केंद्र आमच्या जवळ आहे, तिथं 1970 पासून कोकोवर काम चाललंय. त्यांच्या चांगल्या कलमाची नीट निगा राखली तर झाडामागे वर्षाला किलो-दोन किलो सुकी बी मिळते. आमच्या विहिरीकडच्या जुन्या झाडांना अर्धा किलोही नाही. म्हणून नवी लावली ती कलमं.

आता निनादला हेही सांग, की हल्ली छोट्या छोट्या ब्रँडचं चॉकलेट निघतंय, ऑरोव्हिलचं मेसन अँड कंपनी, कोचीचं पॉल अँड माइक, हैदराबादचं मनम. ते गावाचं, बागेचं नाव वेष्टनावर छापतात आणि नीट आंबवलेल्या बीला जास्त मोजतात. मला त्यांचं कौतुक आहे. पण ते बी निवडून घेतात. खारीनं टाकलेली, पावसात भिजलेली, गिरिजाच्या आईच्या चार झाडांची बी घेणारं दुसरं कुणीतरी लागतंच.

दापोलीबद्दल बोलायचं तर, नुसता कोको लावायचा विचार त्यानं डोक्यातून काढावा. त्याला वर सावली लागते, उन्हाळाभर पाणी लागतं, आणि कोकणात पाऊस संपला की जमीन किती लवकर कोरडी पडते ते तुला माहीत आहे. तयार नारळ-पोफळीची बाग असेल तर गोष्ट निराळी. रत्नागिरीच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रानं लाखी बाग म्हणून जी पद्धत दाखवली, तिच्यात नारळाखाली दालचिनी, जायफळ, मिरी आहे. ही तिन्ही वाळवून डब्यात भरता येतात, भाव येईपर्यंत थांबता येतं. त्याच्या जागी मी असते तर आधी जायफळ लावलं असतं. कोको हौसेला, दहा-वीस झाडं.

आणि तरीही हट्टच धरला, तर जमिनीच्या आधी त्यानं एकच गोष्ट शोधावी. दापोलीपासून सकाळी निघून दुपारपर्यंत पोचता येईल अशा अंतरावर, भाव पडलेला असतानासुद्धा, दर आठवड्याला ओल्या बिया कोण घेईल? नाव आणि पत्ता. तो मिळाला तर मला कळव, विट्टलला कलमांची नोंदणी आधी करावी लागते, ती मी करून ठेवीन. आणि बघायला यायचं असेल तर जानेवारीत येऊ नये, तेव्हा बाग सगळ्यांनाच आवडते. जुलैत ये म्हणावं, जळवांसकट दाखवते.

तू कधी येतेस? येताना बॉर्नव्हिलचं चॉकलेट आणू नकोस, त्यापेक्षा गुडघ्याला लावायचा तो पट्टा आण, मागच्या वेळी आणला होतास तो सासूबाईंनी वापरून संपवला.

तुझी,
माधुरी