पत्र्यावरचे धोंडे

रोहिणी नक्षत्र लागले की आमच्या घरी दिवाळीलाही नसते एवढी धांदल उडते. चाकणजवळचे आमचे गाव. एका अंगाला कारखान्यांच्या शेडी, दुसऱ्या अंगाला कांद्याची वावरे. ७ जूनच्या सुमारास मृग निघतो, त्याच्या आत घर पावसाला तयार झालेच पाहिजे, हा आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, दंडक. कौले चाळायची, फुटकी बदलायची, गोवऱ्या नि सरपण आत रचायचे, कडब्याची गंज शाकारायची, परसात भोपळ्या-दोडक्यासाठी आळी करायची. शेवग्याच्या फांद्याही छाटायच्या, कारण त्याचे लाकूड ठिसूळ. वाऱ्याने पहिला तोच मोडतो. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी ऐन पावसाळ्यात शायिस्ताखानाशी झुंजवला, ही गोष्ट आबा दरवर्षी सांगतात आणि म्हणतात, "किल्ला काय नि घर काय, आधी दाणागोटा बघावा, मग छप्पर."

सर्वांत शेवटचे काम मागच्या पडवीच्या पत्र्यांवर धोंडे ठेवण्याचे. त्या पडवीत उन्हाळी कांद्याची अरण असते.

२०२० साली हे काम माझ्याकडे आले. टाळेबंदीमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला होता. मी रिकामाच होतो. आबांनी चार वेळा सांगितले, मी चार वेळा "उद्या करतो" म्हणालो. मृगाला अजून अवकाश होता ना!

३ जूनला, वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी, 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि सह्याद्री ओलांडून आमच्याकडे आले. वडील कंपनीत फर्स्ट शिफ्टला गेलेले. दुपारी वाऱ्याने असा काही आवाज धरला की आईने देवापुढे दिवा लावला. पाहता पाहता पडवीचे तीन पत्रे कागदासारखे उडाले आणि अरणीवर पाऊस कोसळू लागला. आबा घोंगडी घेऊन धावले. सत्तरी ओलांडलेला माणूस दोन्ही हातांनी ती घोंगडी कांद्यावर धरून उभा होता. माझ्या अकरावीची फी त्याच कांद्यातून व्हायची होती.

भिजलेला कांदा टिकत नाही. पुढे महिनाभर आम्ही सडका कांदा निवडत बसलो. त्या वासात आबा मला एक शब्दही बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. फीचे पैसे वडिलांनी ओव्हरटाइम करून उभे केले.

आज मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आबांना आता शिडी चढवत नाही. रोहिणी लागल्या की मी न सांगता पत्र्यावर चढतो. आबा खाली बाजेवर बसून धोंडे मोजतात. यंदा मोजून झाल्यावर म्हणाले, "अजून एक ठेव लेका. वारं काय इचारून येत नाय."

मी आणखी दोन ठेवले.