पडद्यांची झीज

सतारीच्या दांडीवरील धातूच्या पट्ट्यांना आपण पडदे म्हणतो; गिटारवरील पट्ट्यांना आपली मुले ‘फ्रेट’ म्हणतात. काम मात्र एकच. बोटाने तार टेकविली की तिची कंप पावणारी लांबी पडदा ठरवितो आणि स्वर उमटतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असल्याने सरकविता येतात. गिटारचे पडदे लाकडाच्या खाचेत घट्ट बसविलेले असतात. म्हणून ते बदलणे जिकिरीचे.

मराठवाड्यातील आमच्या लहानशा धर्मग्रामातील गायकवृंदाची गिटार अनेक वर्षे वाजत आली आहे. पोलादी तारांनी तिच्या पहिल्या काही पडद्यांवर खळगे पाडले आहेत. तार दाबली की पुढच्या पडद्याला घासून झणझणते. खळगे उथळ असते, तर सर्व पडदे कानशीने समपातळीत आणून पुन्हा गोलवता आले असते. आता ते बदलणेच प्राप्त आहे. प्रश्न आहे तो धातूचा.

बहुतेक गिटारांना जर्मन सिल्व्हरचे पडदे असतात. नाव चांदीचे, पण त्यात चांदी मुळीच नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. तांब्यात कथील, लोह व टायटॅनियम मिसळलेला एक सोनेरी मिश्रधातूही मिळतो. निकेल ज्यांच्या त्वचेला सोसत नाही, त्यांना तो उपयुक्त. तिसरा पर्याय स्टेनलेस स्टीलचा. ते फार सावकाश झिजते. “फादर, एकदाच काय तो खर्च करू या,” असे गायकवृंदातील एक तरुण म्हणाला. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रत्येक वेळी पडदा उपटताना लाकडाच्या कपच्या निघण्याचे भय असते. म्हणूनच कारागीर आधी पडदा तापवितो आणि मग पकडीने हळूहळू उचलतो.

परंतु स्टील साध्या पकडीला व कानशीला दाद देत नाही. उलट हत्यारेच बोथट करते. पहिले चार-पाच पडदे स्टीलचे आणि बाकीचे जुने ठेवले, तर सर्वांची झीज सारखी होणार नाही. म्हणजे सगळेच बदलावे लागतील. उद्या बिघाड झाल्यास तालुक्याच्या गावचा कारागीर ते काम कसे करणार?

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. तेथील भजनपरंपरेचा विचार करताना पखवाज आठवतो. त्याच्या डाव्या तोंडावर वाजविण्यापूर्वी ओली कणीक थापतात आणि नंतर ती खरवडून काढतात. टिकत नाही म्हणून कणकेला कोणी नावे ठेवीत नाही. ती कोणत्याही घरात मिळते आणि कोणाच्याही हाताने लागते. म्हणून गावोगावचा पखवाज बोलता राहतो.

हाच विचार मला गिटारलाही लागू पडतो असे वाटते. रंगमंचावर रोज वाजविणाऱ्याने स्टील अवश्य निवडावे. रविवारी आणि सणावारी वाजणाऱ्या आमच्या गिटारला मात्र जर्मन सिल्व्हरच योग्य. झिजलेले तेवढेच पडदे बदलावेत, मग सर्व एका पातळीत आणावेत आणि उरलेली पडद्याची तार, तिच्या मापाच्या चिठ्ठीसह, गिटारच्या पेटीत ठेवावी. आज वाजविणारी मुले उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी गाव सोडतील. त्यानंतर ती पेटी जो उघडील, त्याच्या हाती दुरुस्तीचे साधनही लागावे.