मोजदाद

मला गणित कधीच जमले नाही. मराठी घेऊन एम.ए. झालेल्या आणि त्याच विषयावर पोट भरणाऱ्या बाईला ते जमावे, अशी कोणाची अपेक्षाही नसते. उत्तरपत्रिकांवरच्या गुणांची बेरीज मी दोनदा करते, आणि तिसऱ्यांदा अर्थशास्त्राच्या बाईंकडून करून घेते. पण एकदा माझी मोजदाद अगदी बिनचूक निघाली होती. तिची आठवण झाली की अजून माझे हातपाय गार पडतात.

२०११ सालचा मे महिना. मी तिशीची, थोरली सहा वर्षांची, धाकटा दोनाचा. त्या वेळी मी पुण्यात दोन कॉलेजांत तासांवर शिकवत असे. सकाळी एका टोकाला, दुपारी दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या वेळात बसच्या रांगेत डबा. मुले पाळणाघरात. थोरलीने त्या वर्षी माझ्या तोंडापेक्षा माझी पाठच अधिक पाहिली असेल. म्हणून पेपर तपासून झाले त्या रात्री मी ह्यांना सांगून टाकले, "हा महिना मुलांचा. कोणी बोलावलं तरी मी जायची नाही." हे हसले. माझे निश्चय त्यांना ठाऊक होते.

आम्ही नगरला गेलो. माझे सासर तिथले. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे आणि त्याआधी ते अहमदनगर होते. पण घरात आम्ही पूर्वीही नुसते नगर म्हणत होतो आणि आजही तेच म्हणतो. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली तिथे आले. त्यामुळे आमच्यासारखी कितीतरी ख्रिस्ती घरे नगरला पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. अंगणात लिंब, घरात एक पेटी आणि रविवारी टिळकांचे अभंग, असे ते घर. गच्चीवर सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या. कावळे हाकायला नातवंडे हवीच होती. पहिले चार दिवस आम्ही तिघे सकाळपासून गच्चीवर होतो. पाचव्या दिवशी संध्याकाळी पाळकसाहेब आले.

"सलाम, बाई. उन्हाळी बायबल शाळा सुरू होतेय. गोष्ट सांगायला कोणी नाही. तुम्ही मराठीच्या प्राध्यापक. तुमच्याइतकी छान गोष्ट कोण सांगणार?"

स्तुतीला न भुलणारी प्राध्यापक मी अजून पाहिलेली नाही. तरी मी सासूबाईंकडे पाहिले, म्हटले निदान त्या तरी नको म्हणतील. त्या कुरडया डब्यात भरता भरता म्हणाल्या, "जा की. थोरलीही तिथंच असेल. तुझी सेवा होईल आणि पोरगी डोळ्यांसमोर राहील. धाकट्याला बघते मी." इतका सरळ हिशेब! मला तो पटला.

ज्यांनी ही शाळा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. दहा दिवस, सकाळी आठ ते साडेअकरा. आधी प्रार्थना, मग हातवारे करून म्हणायची गाणी, मग गोष्ट, मग सुवर्णवचनाचे पाठांतर, मग कातरकाम आणि शेवटी चिवडा, केळे आणि सरबत. मुले मुख्यतः सरबतासाठी येतात हे सगळ्या शिक्षकांना माहीत असते. या शाळांचे मूळ अमेरिकेत आहे. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉज नावाच्या बाईंनी रस्त्यावर उंडारणाऱ्या मुलांसाठी उन्हाळ्यात बायबलचा वर्ग काढला, आणि तोही भाड्याने घेतलेल्या बिअरच्या दुकानात! पुढे १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी त्या कल्पनेची चळवळ केली. सुट्टीत मुले रिकामी, चर्चच्या इमारती रिकाम्या, कॉलेजांतले विद्यार्थीही रिकामे. तिघांची गाठ घालून द्या, असा त्यांचा विचार. मोठा चांगला विचार आहे. त्यात आयांना कोणी रिकामे धरले नव्हते, एवढे मात्र खरे. ती भर आम्ही आपल्या हौसेने घातली.

पहिल्याच दिवशी मी थोरलीला बजावले, "वर्गात मम्मी म्हणायचं नाही. टीचर म्हणायचं. नाहीतर बाकीच्या मुलांना वाईट वाटेल." तिने मान हलवली. मुलगी आज्ञाधारक. इतकी की दुपारी जेवताना म्हणाली, "टीचर, अजून भात." घरभर हशा पिकला. मीही हसले, एवढेच नव्हे, तर फोनवर ह्यांनाही ती गंमत सांगितली.

माझी गोष्ट रंगायची, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. योनाचा मासा, दाविदाची गोफण, सगळे मी उभे करायची. हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगितला तेव्हा तर एक्केचाळीस मुले श्वास धरून बसली होती. शंभर मेंढरे, त्यातले एक हरवते, धनी नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाला शोधायला निघतो. शोधून, खांद्यावर घेऊन येतो. मी खांद्यावर उशी घेऊन वर्गातून फिरले. इतक्यात मागच्या रांगेतून हात वर आला. थोरलीचा.

"टीचर, मग त्या नव्व्याण्णवांकडे कोण बघत होतं?"

मुले हसली. मी चतुरपणे म्हणाले, "ती शहाणी होती ना! जागची हललीच नाहीत." ती खाली बसली. धर्मपंडितांना घाम फोडणारा प्रश्न मी असा चुटकीसरशी निकालात काढला, म्हणून दुसऱ्या बाईंनी माझे कौतुकही केले.

त्या रात्री मी पुठ्ठ्याच्या मेंढरांना कापूस चिकटवत बसले होते. एक्केचाळीस मेंढरे, दुसऱ्या दिवशी वाटायला. थोरली येऊन शेजारी उभी राहिली. "मी चिकटवू?" मी म्हटले, "झोप तू. सकाळी लवकर उठायचंय." तिचे मेंढरूही मीच चिकटवले, चाळिसांबरोबर.

शेवटचे दोन दिवस नगरपासून वीसएक किलोमीटरवरच्या एका खेड्यात शिबिर होते. जुने दगडी चर्च, त्याच्या पायऱ्या, चिंचेची झाडे, मागे विहीर. रात्री सगळी मुले अंगणात ओळीने झोपली. थोरलीने आपले अंथरूण माझ्या अंथरुणाला चिकटवून घातले होते. रात्री दोन लहानग्यांनी घरची आठवण काढून गळा काढला. एकाला थोपटले, दुसरीला कुशीत घेतले. पहाटे जाग आली तेव्हा माझ्या हातावर दुसऱ्याच कोणाची तरी मुलगी झोपली होती, आणि माझी सतरंजीच्या कडेला, गुडघे पोटाशी घेऊन. मी तिच्या अंगावर चादर ओढली आणि चहाचे बघायला गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघायची घाई. बस येऊन उभी. कोणाची चप्पल सापडत नाही, कोणाचा डबा विहिरीवर राहिला आहे. थोरली माझा पदर ओढत होती. "टीचर, एक सांगायचंय. टीचर, एक सांगायचंय ना." मी तिला चर्चच्या मागच्या पायरीवर बसवले. उरलेल्या मेंढरांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "इथंच बस. हलू नकोस. मी आलेच."

मग मी गेले. चप्पल शोधली, डबा आणला, सगळ्यांना बसमध्ये चढवले. मुलांना आम्ही पिवळ्या कागदी टोप्या केल्या होत्या. बसच्या दारात उभी राहून मी टोप्या मोजल्या. एक्केचाळीस. खात्री म्हणून पुन्हा मोजल्या. एक्केचाळीस. मी ड्रायव्हरला म्हटले, "चला." बस निघाली, मुलांनी गाणी सुरू केली, आणि मी पुढच्या सीटवर डोळे मिटले. थोरली मागे मैत्रिणींत बसली असेल असे मनात आले का? तेही आले नाही. खरे सांगायचे तर तिचा विचारच मनात आला नाही. एक्केचाळीस झाले होते.

पाच-सहा किलोमीटर गेल्यावर मागून रडण्याचा आवाज आला. एक काळासावळा मुलगा, आठेक वर्षांचा. "मला खाली उतरवा. आजी मारंल." चर्चची झाडलोट करणाऱ्या बाईंचा नातू. दोन दिवस मुलांत खेळला होता, नगर बघायचे म्हणून चढून बसला होता, आणि आता दिवे लागलेले पाहून घाबरला होता. डोक्यावर पिवळी टोपी.

"टोपी कोणी दिली तुला?"

"तिनं दिली. तुमच्या पोरीनं."

पुढचे मला नीट सांगता येत नाही. बस वळायला रस्ता अरुंद होता, ड्रायव्हरने दोनदा पुढे-मागे केले, तेवढ्या वेळात मी पायीच धावत सुटायला निघाले होते आणि कोणीतरी मला धरून ठेवले. मुले एकदम गप्प झाली होती. मला विहीर दिसत होती. दुसरे काही दिसत नव्हते.

ती पायरीवर होती. जिथे बसवली होती तिथेच, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. अंधार पडत आला होता. ती रडलेली नव्हती. माझ्याकडे पाहून म्हणाली,

"मी हलले नाही."

मी तिला उचलून छातीशी धरले. ती कुशीत आली, पण ताठच. थोड्या वेळाने तिने विचारले, "मोजून झालं?"

बसमध्ये ती माझ्या मांडीवर होती. "तुला काय सांगायचं होतं गं?" मी विचारले. तिने बराच विचार केला. "आता विसरले."

एक्केचाळीस मुलांनी पाहिलेली गोष्ट नगरात लपत नाही. सासूबाईंना आमच्या आधी बातमी पोचली होती. मी शिव्या खायच्या तयारीने घरात पाऊल टाकले. त्यांनी गरम वरणभात वाढला, थोरलीला स्वतः भरवले, आणि दोन्ही मुले झोपल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुझा नवरा चार वर्षांचा असताना दौंडला गाडी बदलायची होती. मी ट्रंका मोजल्या. पाच. पाची चढवल्या. गाडी हलली तेव्हा एक चहावाला पोराला काखेत धरून पळत आला आणि खिडकीतून आत टाकला. तुझ्या सासऱ्यांना मरेपर्यंत सांगितलं नाही मी." थोडे थांबून पुन्हा म्हणाल्या, "त्यालाही सांगू नकोस."

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी किती वर्षे वर्गात शिकवते आहे. १९३४ ते १९३६ च्या दरम्यान ती चार भागांत प्रसिद्ध झाली. स्वतःच्या फजित्या ही बाई किती मोकळेपणाने सांगते, असे मी दर वर्षी मुलांना सांगते आणि ती लिहून घेतात. मला ही एक गोष्ट सांगायला एवढी वर्षे लागली. ह्यांना मात्र मी त्याच शनिवारी सांगितली. दौंडची नाही, ती सासूबाई गेल्यावर सांगितली.

त्या मेचे दोन आठवडे उरले होते. पाळकसाहेब आले, मंडळीच्या वार्षिक कार्यक्रमासाठी एखादे नाट्य लिहून द्याल का म्हणाले. मी नाही म्हटले. ते जरा खट्टू झाले. चांगला माणूस, त्यांचा काही दोष नव्हता. आम्ही गच्चीवर कावळे हाकले. शहराबाहेरच्या डोंगरावर चांदबिबीच्या महालाला गेलो. त्याला महाल म्हणतात, पण ती सलाबतखानाची कबर आहे. तीन मजली, अष्टकोनी, दगडाची. वर वारा असा होता की धाकटा घाबरून माझ्या पायाला बिलगला. थोरली एकेका कमानीतून डोकावून विचारत होती, हे काय, ते काय, तो माणूस एकटाच का झोपलाय इथं. मला निम्मी उत्तरे येत नव्हती. "टीचर" म्हणायची बंद ती मे संपता संपता झाली. नेमकी कोणत्या दिवशी, हे माझ्या लक्षात राहिलेले नाही.

रात्री ती गोष्ट मागायची ती मेंढरांचीच. पण आता ती सांगायची आणि मी ऐकायची. तिच्या गोष्टीत धनी त्या एकाला शोधायला गेला की नव्व्याण्णवांची सभा भरे. कोणी म्हणे कोल्हा येईल, कोणी म्हणे पाऊस येईल, एक म्हातारे मेंढरू म्हणे आपण गाणे म्हणू या. ती गाणे म्हणत. मग धनी येई, आणि आल्या आल्या सगळ्यांना नावाने हाक मारी. शंभर नावे! एकेक नाव शोधून काढता काढता तिला झोप लागायची. आम्ही कधी तिशीच्या पुढे गेलो नाही.

थोरली आता कॉलेजात आहे. पायरीवरची संध्याकाळ तिला आठवत नाही. टोपी दिली तो मुलगा आठवतो, त्याला गोट्या फार छान खेळता येत, म्हणते. गेल्या मे महिन्यात ती स्वतः शिबिरात शिकवायला गेली होती. मी काही बोलले नाही, फक्त बॅगेत टॉर्च टाकला. निघायच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मागे बसचा आवाज, मुलांचा गोंगाट.

"मम्मी, निघतोय. छप्पन्न आहेत. नावं वाचून घेतली."

"आणि तू?" मी विचारले.

"काय?"

"तू धरून छप्पन्न, की सोडून?"

गोंगाटात तिला ऐकू आले नसावे. बस सुरू झाली होती.