दोन मानपाडे आणि क्रिकेटच्या वेशी

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाची दोन स्थळे आहेत. एक ठाणे शहराच्या उत्तरेस घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेस, जेथे स्थानकाकडून निघालेला मानपाडा रस्ता कल्याण-शीळ मार्गाच्या बाजूस जातो. दोहोंच्या मध्ये खाडीचे पाणी आणि मुंब्र्याचा डोंगर. पाडा म्हणजे चार-दहा घरांची वस्ती, हे या बाजूस लहान मुलासही ठाऊक असते. आज मात्र दोन्ही ठिकाणी इमारतींचे मजले मोजावयाचे तर मान पाठीस टेकवावी लागते, व या अर्थाने तरी मानपाडा हे नाव सार्थ झाले, अशी कोटी आमचे एक स्नेही नेहमी करतात.

घोडबंदरच्या मानपाड्यास एका अंगास राष्ट्रीय उद्यानाचे अरण्य आहे आणि दुसऱ्या अंगास उड्डाणपूल व मेट्रोचे खांब. डोंबिवलीकडील मानपाडा रस्त्यावर दुकानांची रांग तुटत नाही. दोन्हीकडे सायंकाळी एक दृश्य मात्र समान दिसते. मोटारी उभ्या करण्याच्या जागेत, दोन मोटारींच्या मधल्या बोळात, मुले रबरी चेंडूने क्रिकेट खेळत असतात. चेंडू कोणाच्या काचेवर बसला म्हणजे बाद, असे त्यांचे शास्त्र आहे. ही मुले पुढे मोठी झाली व खरोखरीच खेळात निपुण निघाली, तर ती कोणत्या प्रांताची म्हणून मैदानात उतरतील? महाराष्ट्राची, असे उत्तर सहज तोंडी येईल. परंतु ते चूक आहे.

भारतीय क्रिकेटच्या लेखी महाराष्ट्र राज्यात तीन प्रांत नांदतात. नागपूरकडे विदर्भ, पुण्यास ज्याचे पीठ आहे तो महाराष्ट्र, आणि मुंबई. मुंबईची हद्द महापालिकेच्या जकातनाक्यापाशी संपत नाही. ती आगगाडीच्या रुळांवरून पश्चिमेकडे डहाणूपर्यंत व मध्य मार्गाने बदलापूरपर्यंत पोहोचते. तेव्हा आमचे दोन्ही मानपाडे क्रिकेटपुरते मुंबईत मोडतात. पालघरचा शार्दूल ठाकूर गाडीने ये-जा करून मुंबईचा खेळाडू झाला, तो याच रुळांच्या बळावर. कल्याणचा तुषार देशपांडेही मुंबईचाच.

याहून बोलके उदाहरण अजिंक्य रहाणे यांचे. त्यांचा जन्म संगमनेर तालुक्यातील आश्वी येथील; म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, जेथे क्रिकेटचा कारभार पुण्याहून चालतो. बालपण गेले डोंबिवलीत, शिक्षण स. वा. जोशी विद्यालयात. कुटुंब गावीच राहिले असते तर हा गृहस्थ महाराष्ट्राच्या संघाकडून खेळला असता. ते डोंबिवलीस आले म्हणून 2020 च्या डिसेंबरात मेलबर्न येथे शतक करून भारतास सावरणारा कर्णधार, आणि 2023-24 मध्ये रणजी करंडक मिळविणाऱ्या संघाचा नायक, मुंबईचा म्हणून ओळखला गेला. एका बिऱ्हाडाच्या स्थलांतराने दोन प्रांतांच्या बळाचे पारडे असे हलते.

वेशी हलणे हे या भागास नवीन नाही. डोंबिवलीच्या सभोवारची 27 गावे 1983 साली कल्याण महापालिकेत घातली गेली, 2002 साली बाहेर काढली, 2015 साली पुन्हा आत आणली. ग्रामस्थ जागचे हलले नाहीत, कर भरण्याची खिडकी तेवढी बदलत राहिली. क्रिकेटमध्ये मात्र वेस बदलली की माणूसही हलतो.

याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. मुंबईत पूर्वी संघ पडत ते धर्मावरून. 1912 पासून युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान असे चौरंगी सामने होत; 1937 साली 'इतर' म्हणून पाचवा संघ आला आणि सामने पंचरंगी झाले. गांधीजींनी 1940 साली या व्यवस्थेविरुद्ध मत दिले, व 1946 नंतर ती बंद पडली. हिंदूंच्या संघात पाळवणकर बाळू यांच्यासारख्या अलौकिक गोलंदाजास कर्णधारपद मिळाले नाही, कारण जात आडवी आली. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते 1923 साली मिळाले. आमच्या वाचकांच्या घरांतून त्या काळच्या खेळाच्या गोड आठवणी सांगितल्या जातात. त्यांत हा भाग गाळू नये, असे आम्हांस वाटते.

प्रांतवार रणजी स्पर्धा 1934-35 मध्ये सुरू झाली. पुण्याच्या महाराष्ट्र संघाने 1939-40 व 1940-41 अशी दोन वर्षे ती लागोपाठ जिंकली, त्या संघाचे नायक प्राध्यापक दि. ब. देवधर. हे सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत. पाणिनी व क्रिकेट यांचा संयोग अशक्य मानणाऱ्या पालकांच्या पुढे आम्ही आमच्या शिक्षकीच्या काळात हे नाव हुकमी टाकीत असू. वयाच्या 48 व्या वर्षी त्यांनी मुंबईविरुद्ध 246 धावा केल्या.

मग ते वैभव गेले कोठे? त्या विजयी संघाचे मुख्य बळ असलेले सांगलीचे विजय हजारे लवकरच बडोद्याकडून खेळू लागले. संस्थानिकांपाशी खेळाडूंस देण्यास नोकऱ्या होत्या, आणि पुण्याच्या मध्यमवर्गीय मंडळींपाशी टाळ्या. इंदूरच्या होळकरांनी कर्नल सी. के. नायडू यांना नेले. 1946-47 च्या अंतिम सामन्यात बडोदे व होळकर समोरासमोर उभे ठाकले, तेव्हा हजारे व गुल महंमद यांनी 577 धावांची भागी केली. दोन मराठी राजघराण्यांच्या आश्रयाखालील ही लढाई पुणेकर दुरून पाहत होते. संस्थाने विलीन झाली आणि 1954-55 नंतर होळकर हे नावही स्पर्धेतून गेले. महाराष्ट्र संघास 1940-41 नंतर 2024-25 पर्यंत तो करंडक पुन्हा मिळालेला नाही.

आश्रयदाता राजा गेला आणि कचेऱ्या, बँका व कारखाने आले. ते सर्वाधिक मुंबईत होते. 1958-59 पासून 1972-73 पर्यंत मुंबईने लागोपाठ 15 वेळा करंडक जिंकला. पश्चिम विभागात मुंबईच्या शेजारी पडलेल्या महाराष्ट्र, गुजरात, सौराष्ट्र, बडोदे यांचे नशीब बाहुबलाइतकेच या गटवारीने ठरविले, असे आमचे मत आहे. विदर्भाची गंमत अशी की राज्यपुनर्रचनेने तो 1956 साली मुंबई राज्यात आला आणि 1960 पासून महाराष्ट्रात आहे, तरी क्रिकेटमध्ये तो मध्य विभागातच राहिला. 2002-03 मध्ये विभागवार मांडणी मोडून संघांचे वरचा गट व खालचा गट असे वर्ग पाडले गेले. 2018-19 मध्ये नऊ नवे संघ आले व एकूण संख्या 37 झाली.

खरा पेच पडला 2016 साली. न्यायमूर्ती लोढा समितीच्या शिफारशीवरून सर्वोच्च न्यायालयाने एक राज्य, एक मत हे तत्त्व मान्य केले. म्हणजे मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ यांनी एक मत पाळीपाळीने वापरावयाचे. 42 करंडकांपैकी बहुतेक तेव्हा मिळविलेल्या मुंबईस मताविना बसण्याची पाळी आली. न्यायाचे तत्त्व सरळ होते, परंतु इतिहास वाकडा होता. 9 ऑगस्ट 2018 रोजी न्यायालयाने या जुन्या संघटनांचे मताधिकार परत दिले. नव्याने आलेल्या ईशान्येकडील राज्यांसही मत आहे, हे योग्यच झाले. तथापि ज्या संघटनेच्या अमलाखाली दीड कोटीहून अधिक लोक राहतात, तिचे मतही एकच.

दरम्यान माणसे चालू लागली होती. मुंबईचे वसीम जाफर विदर्भात गेले. मुंबईचेच चंद्रकांत पंडित तेथे मार्गदर्शक झाले, आणि विदर्भाने 2017-18 व 2018-19 असे दोनदा करंडक नेला. पुढे पंडितांनी मध्य प्रदेशास शिकविले व त्याने 2022 च्या जूनमध्ये अंतिम सामन्यात मुंबईसच हरविले. विरारचा पृथ्वी शॉ 2025 साली पुण्याच्या संघात दाखल झाला. जो ओघ पूर्वी मुंबईकडे येई, तो आता बाहेरही वाहतो.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशा वाचकांस हे ओळखीचे वाटेल. तेथे विद्यापीठांचे फुटबॉल हे मोठ्या द्रव्याचे प्रकरण आहे. दूरचित्रवाणीच्या करारांपायी 2024 साली पॅसिफिक किनाऱ्यावरील चार विद्यापीठे आपला शतकभराचा सवंगडीसंघ सोडून 'बिग टेन' या मंडळात गेली. नाव दहाचे, सभासद 18. स्टॅनफर्डने तर 'अटलांटिक कोस्ट' मंडळात प्रवेश केला; त्याच्या जवळचा महासागर पॅसिफिक आहे, याची कोणास दिक्कत नाही. ओरेगन राज्य व वॉशिंग्टन राज्य ही दोन विद्यापीठे मागे राहिली, एखाद्या वाटणीनंतर जुन्या वाड्यात उरलेल्या भावांसारखी.

आमच्याकडील काही मंडळी म्हणतात की ठाणे-पालघरचा निराळा संघ असावा. सौराष्ट्रास आहे, बडोद्यास आहे, मग आपल्यास का नाही? या युक्तिवादात बळ आहे. अकरा जागांसाठी इतकी मोठी वस्ती भांडते हे खरे. परंतु मानपाड्याच्या मुलास विचारून पाहा. त्याला मुंबईची टोपी हवी असते. त्या टोपीचा मोह सुटल्याखेरीज नवा संघ कागदावर निघाला तरी पोरे तेथे रमणार नाहीत. तूर्त त्याला हवी आहे ती मोटारींखेरीजची बावीस यार्ड मोकळी जमीन. ती मिळेपर्यंत पाठीवर बॅटींची लांब पिशवी टाकून तो डोंबिवलीहून पहाटेची गाडी पकडील, दाराशी रेटून उभा राहील, आणि तास-सव्वातासाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून समोरच्या आझाद मैदानावर चेंडूसाठी आपली पाळी येण्याची वाट पाहील.