द्वेषाची मोजदाद

पवनीस वैनगंगेच्या घाटावर बसलें असतां खैरलांजीचा विषय निघाला म्हणजे मंडळी गप्प होतात. गांव याच भंडारा जिल्ह्यांतलें. २९ सप्टेंबर २००६ रोजीं तेथें एका दलित कुटुंबांतील आई, मुलगी व दोन मुलगे यांस जमावानें ठार केलें. २००८ सालीं भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयानें आठ जणांस दोषी ठरविलें. परंतु हेतु सुडाचा मानिला, जातिद्वेषाचा नव्हे. २०१० सालीं उच्च न्यायालयानेंही तेंच कायम केलें. खून मोजले गेले, द्वेष मोजावयाचा राहिला.

पुढें खोट्या फिर्यादींचा गवगवा झाला. मार्च २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ॲट्रॉसिटी कायद्याखालील अटकेस पूर्वपरवानगीची अट घातली. ऑक्टोबर २०१९ मध्यें ती मागें घेतली. खोट्या फिर्यादी होतच नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. बांधाच्या भांडणांत कोण कोणतें हत्यार उचलील याचा नेम नसतो. पण साक्षीदार फुटला, फिर्यादी दबला, तरीही आरोपी सुटतोच. आणि आमच्या बैठकींत, आम्ही धरून, ‘सुटला’ म्हणजे ‘फिर्याद खोटी’ असाच अर्थ होतो. मग खैरलांजी कोणत्या रकान्यांत घालावी? घाटावर हें विचारलें, तर मंडळी गोसीखुर्दच्या पाण्याविषयीं बोलूं लागतात.