या वयात पापण्यांची शस्त्रक्रिया

गेल्या मार्गशीर्षात मी दोन्ही डोळ्यांच्या वरच्या पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. मोतीबिंदूची नव्हे, ती केव्हाच झाली. ही पापणीवर लोंबणारी जादा कातडी काढून टाकण्याची. फोनवर एवढं सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग हमखास प्रश्न : "म्हणजे सिनेमातल्या बायका करतात तसलं काहीतरी?" हो, तसलंच. "पण या वयात?" हो, याच वयात. आठ-दहा जणांना एकेकदा सांगून झाल्यावर वाटलं, हे एकदाच सविस्तर लिहून काढावं. विचारणाऱ्यांपैकी निदान तिघींना खरं तर स्वतःसाठी विचारायचं होतं, हे आवाजावरून कळलंच.

आमच्या माहेरी पापण्या जड. आईच्या पापण्या साठीनंतर इतक्या उतरल्या होत्या की पोथी वाचताना ती डाव्या हाताच्या बोटाने भुवई वर धरून बसायची. उजव्या हाताने पान उलटायचं, डाव्या हाताने भुवई धरायची. आम्हा मुलींना त्यात काही दुखणं असेल असं कधी वाटलंच नाही, पोथी वाचायची ती रीतच वाटायची. सत्तरीनंतर माझाही हात नकळत भुवईकडे जायला लागला. वरच्या फळीवरचा डबा, बसची पाटी, जिन्यात वरून उतरणारा माणूस, काहीही बघायचं तर हनुवटी वर करावी लागायची. पापण्या उचलून धरायला कपाळाचे स्नायू दिवसभर राबतात, त्यामुळे संध्याकाळी कपाळ ठणकायचं. शिवाय भेटेल तो विचारायचा, "बाई, बरं नाही का?" पस्तीस वर्षं नुसत्या नजरेने वर्ग गप्प करणाऱ्या बाईला सगळ्यांनी झोपाळू समजावं, हे काही मला सोसवेना.

डॉक्टर तरुण होते, पण मराठी चांगलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, तुमची तक्रार 'मला नीट दिसत नाही' अशी आहे, की 'मी नीट दिसत नाही' अशी?" व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला प्रश्न कोण विचारणार! मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, "मग सोपं आहे. नुसतं दुसरं असतं तर मी तुम्हाला आणखी दोनदा बोलावलं असतं."

तो प्रश्न नुसता गमतीचा नव्हता हे पुढे कळलं. दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे आरोग्यविमा देत नाही. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती असेल किंवा वैद्यकीय गरज सिद्ध होत असेल, तरच विचार होतो. म्हणून एका यंत्रासमोर बसवून नजरेचा घेर तपासतात. ठिपका चमकला की बटण दाबायचं. एकदा पापण्या आहेत तशा ठेवून, आणि मग त्याच पापण्या चिकटपट्टीने वर ओढून परत एकदा. माझ्या दोन कागदांत चांगलाच फरक निघाला. तरीही विमा कंपनीने पत्रापत्री करायला लावली ती लावलीच. असो.

त्याआधी आणखी एक तपासणी झाली, ती मला महत्त्वाची वाटली. टीपकागदासारखी एक बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं बसवतात. ती किती ओली होते यावरून डोळ्यांत पाणी पुरेसं आहे का ते समजतं. डोळे मुळातच कोरडे असतील, तर कातडी काढल्यावर त्रास वाढतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी मी घेते. ती थांबवायची का आणि किती दिवस, हे हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवलं. स्वतःच्या मनाने अशी गोळी कुणी बंद करू नये. लसणाच्या आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या मात्र लगेच बंद झाल्या. या 'साध्या' गोळ्यांनीही रक्तस्राव वाढू शकतो. आपण त्या डॉक्टरांना सांगतच नाही, कारण आपल्या लेखी ते औषध नसतंच.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बसवून पेनाने पापण्यांवर रेघा आखल्या, कारण आडवं झाल्यावर कातडी जागा सोडते. मग झोपवून भुलीचं इंजेक्शन. ते झोंबतं, चांगलंच झोंबतं. नंतर ओढल्याचं तेवढं कळतं, दुखत नाही. रक्त थांबवण्यासाठी नस जाळतात तेव्हा किंचित वास येतो, त्याची मला कुणी कल्पना दिली नव्हती. तासाभराने बाहेर, आणि संध्याकाळी घरी.

खरी गोष्ट त्यानंतरची. डोळ्यांत मलम घातलेलं, त्यामुळे सगळं धुकट. तीन उश्या रचून उंचावर डोकं ठेवून झोपायचं. गोठवलेल्या मटारची पिशवी रुमालात गुंडाळून दहा-दहा मिनिटं डोळ्यांवर ठेवायची, असे दोन दिवस. (त्या मटारची उसळ करायला सूनबाईंनी साफ नकार दिला.) वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, पंधरा दिवस काजळ नाही. आणि एक ताकीद डॉक्टरांनी दोनदा दिली : एकाएकी जोराचं दुखायला लागलं, डोळा पुढे आल्यासारखा वाटला किंवा दिसेनासं झालं, तर सकाळची वाट न पाहता निघायचं. तसं क्वचित होतं, पण झालं तर वेळ फार थोडा असतो. मुलाने त्या रात्री गाडीची किल्ली उशाशी ठेवली होती.

मला वाटलं होतं, पहिला दिवस सगळ्यात वाईट असेल. तसं नसतं. सूज वाढत जाते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते. तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर दोन पिकलेली जांभळं, मधे बारीक चिरा. डाव्यापेक्षा उजवं जास्त. दोन्ही डोळे एकाच दिवशी, एकाच हाताने केलेले, तरी सारखे भरून येत नाहीत. सहाव्या दिवशी टाके काढले. मग जांभळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं, आणि तो पिवळा रंग हळूहळू गालांवर उतरला. झोपेत पापण्या पुऱ्या मिटत नव्हत्या, म्हणून रात्रीचं मलम बरेच दिवस चालू होतं. पापणीच्या केसांची कड तर महिनाभर बधिर होती, डोळा पुसताना दुसऱ्याचा डोळा पुसते आहे असं वाटे.

वाचता येत नव्हतं त्या दिवसांत नातवाला मी नाकाची गोष्ट सांगितली. शाळेत सांगायचे तीच. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने आपल्या पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बेतायचा, तो कपाळावर पसरून भोवती रेघ काढायची, तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, आणि ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिची हकिकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यूने १८१४ साली लंडनमध्ये तसं नाक केलं. नातवाला हवं होतं ते रक्त आणि सुरी. मला या खेपेला वेगळंच आठवत होतं. त्या हकिकतीत पुढच्या दिवसांचा हिशोबही आहे : चार दिवस काथाचा लेप, मग तुपात भिजवलेलं कापड, पाच-सहा दिवस उताणं झोपणं, दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कपाळाशी जोडलेला कातडीचा देठ तोडायचा. बेशुद्ध करायचं औषध यायला अजून पन्नासेक वर्षं होती. वर्गात मी हा भाग एका वाक्यात संपवत असे. मुलांना त्यात काही घडत नाही असं वाटतं. घडत नाहीच, नुसतं थांबायचं असतं.

नवव्या दिवशी धाकटी बहीण आली. दारातच थबकली, माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, आईचे डोळे गेले गं."

ही एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. डॉक्टरांच्या छापील कागदावर कोरडेपणा होता, व्रण होता, दोन डोळ्यांतला फरक होता. आई नव्हती. बहीण गेल्यावर मी आईचा फोटो काढून आरशाशेजारी धरला. जांभळटपणा होता तोवर सूज म्हणून सोडून देता येत होतं. महिन्याभराने तेही राहिलं नाही. डोळ्यांचा वरचा भाग आता माझ्या तिशीतल्या फोटोंसारखा आहे, खालचा त्र्याहत्तर वर्षांचा. आई यांपैकी कुठल्याच भागात नाही. मला पश्चात्ताप झालेला नाही, हे स्पष्ट सांगते. फळीवरचा डबा दिसतो, कपाळ ठणकत नाही, 'बरं नाही का' बंद झालं. पण सकाळी आरशात जी भेटायची ती भेटत नाही, आणि हे खर्चाच्या बाजूला मांडायला हवं. बहिणीने त्या दिवशी जाताना पेपर चाळला. डाव्या हाताचं बोट भुवईवर होतं.

आता भाचीच्या मुलीबद्दल. सव्वीस वर्षांची आहे, वैशाखात लग्न आहे, आणि त्याआधी नाक करून घ्यायचं मनात आहे. घरात वादळ. माझ्याकडे ती "मावशीआजी, खूप दुखतं का?" असं विचारत आली. दुखण्याचं मी फारसं बोललेच नाही. तिला म्हटलं, तारखा मोज. नाकावरचा साचा आठवडाभर राहतो, काळे-निळे डाग दोन आठवडे, नाक चोंदलेलं त्याहून जास्त, चष्मा नाकावर टेकवता येत नाही महिना-दीड महिना. आणि नाकाच्या शेंड्याची सूज पुरती उतरायला वर्ष लागू शकतं. म्हणजे लग्नाच्या फोटोंत जे नाक येईल ते ना आधीचं, ना नंतरचं. ती गप्प बसली. मग म्हणाली, "त्याने मला याच नाकासकट पसंत केलंय, तो प्रश्नच नाही. मला स्वतःलाच आवडत नाही." यावर मी तिला काय उत्तर देणार? मी कोणासाठी केलं होतं?

येत्या गुरुवारी तिला डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. आई येणार नाही म्हणते, म्हणून सोबत मी जाणार आहे. तिने विचारायचे अकरा प्रश्न वहीत लिहून आणले होते. मी एक वाढवला आणि ऱ्हस्व-दीर्घ तेवढे दुरुस्त केले.