प्लॅस्टिकचें म्हातारपण

सोलापुरांत राहणाऱ्यास सुताची गोष्ट नव्यानें सांगावी लागत नाहीं. लांब तंतूच्या कापसाचें सूत बळकट होतें; उलट जुनीं वस्त्रें फाडून व पिंजून काढलेले तंतू आंखूड झालेले असल्यामुळें त्यांचें सूत लवकर तुटतें, हें चादरी विणणाऱ्यांच्या घरांतील लहान मूलहि जाणतें. जुन्या प्लॅस्टिकची कथा थेट अशीच आहे, असें आम्हीं वर्गांत सांगितलें, तेव्हां मुलांस मोठें नवल वाटलें. त्यांच्या मतें प्लॅस्टिक लोखंडासारखें; वितळवलें कीं पुन्हां कोरें करकरीत!

तसें तें नाहीं. प्लॅस्टिक म्हणजे शेंकडों, हजारों दुवे जोडून झालेल्या लांबच लांब सांखळ्यांचा गुंता होय. पाण्याच्या बाटल्या ज्याच्या होतात तो पेट नांवाचा पदार्थ १९४१ मध्यें इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनीं सिद्ध केला, तो मुळांत वस्त्राच्या धाग्यासाठींच. तेव्हां सुताची उपमा आम्हीं ओढून ताणून आणलेली नाहीं.

आतां आपल्या गच्चीवरील बादली पाहा. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर जातो. सूर्याच्या अतिनील किरणांनीं सांखळ्या दुबळ्या होतात, हवेंतील प्राणवायु त्यांस झोंबतो आणि दुवे तुटूं लागतात. कारखान्यांत एक संरक्षक द्रव्य घातलेलें असतें, पण तेंहि हळूहळू खर्चीं पडतें. मग रंग विटतो, अंगावर पांढुरकी पूड येते, आणि एके दिवशीं भरली बादली उचलतांना कडी तेवढी हातांत राहते. अशी बादली वितळवली म्हणून तुटलेले दुवे जुळत नाहींत. उलट यंत्राच्या उष्णतेनें आणखी कांहीं तुटतात. म्हणूनच जुन्या दाण्यांत नवा दाणा मिसळावा लागतो.

हें झालें वार्धक्य. संगतीचा दोष याहून वाईट. वर्गांत आम्हीं पाण्याच्या घमेल्यांत बाटलीचे व तिच्या बुचाचे तुकडे टाकले. बुचाचे तरंगले, बाटलीचे बुडाले. निवडण्याची ही युक्ति मुलांस फार आवडली. मग आम्हीं नळकामाच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा टाकला. तोहि बुडाला, आणि युक्ति फसली. हा पाहुणा साधा नव्हे. पेट सुमारें २६० अंश सेंटिग्रेडला वितळतें. त्या उष्णतेंत पीव्हीसी टिकत नाहीं, त्यांतून हायड्रोक्लोरिक आम्ल निघतें व तें पेटच्या सांखळ्या तोडीत सुटतें. थोडेसेच तुकडे चुकून राहिले तरी माल पिंवळा पडतो. नुसतें पाणीहि शत्रूच : धुतलेला चुरा नीट वाळवला नाहीं तर वितळतांना तो ओलावाच दुवे तोडतो. लोणच्याचें तेल प्लॅस्टिकच्या अंगांत मुरतें, त्याचा वास धुऊनहि जात नाहीं. वेफरच्या पाकिटांत तर निरनिराळे थर एकमेकांस असे चिकटवलेले असतात कीं ते कोणत्याहि हातानें सुटे होत नाहींत. आणि नाना रंगांची खिचडी झाली म्हणजे काळ्यावांचून दुसरा रंग तीवर चढत नाहीं. स्वस्त बादल्या व पाइप बहुधा काळे कां, याचें एक कारण हें.

आमच्या एका विद्यार्थ्याची आई भंगाराच्या दुकानांत माल निवडण्याचें काम करते. पालकांच्या सभेनंतर आम्हीं त्यांस या कामाविषयीं विचारलें. त्या म्हणाल्या, “सर, तेलकट पिशवी निघाली की भाव पाडतात. धुवून द्या म्हणतात. नळाला रोज पाणी नसतंय, पिशव्या धुवायला कुठनं आणू?” रसायनशास्त्राच्या पुस्तकांत ज्यास अशुद्धि म्हणतात, ती त्यांच्या घरीं मुलाच्या वहीच्या पैशांतून वजा होते, आणि ती अशुद्धि त्यांनीं केलेली नसते. पुण्यांत अशा कष्टकऱ्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ सालीं स्थापन झाली. २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद स्त्रिया घरोघर जाऊन ओला व सुका कचरा वेगळा घेऊं लागल्या. डाळीच्या पाण्यांत भिजण्यापूर्वींच पिशवी हातीं आली कीं तिला किंमत येते, एवढाच त्यांतील हिशेब.

प्लॅस्टिक कोणत्या जातीचें हें कसें ओळखतां, असें आम्हीं त्या बाईंस विचारलें, तेव्हां त्यांनीं तुकडा चुरगाळून त्याचा आवाज ऐकवला. कांहीं जाती जाळून धुराच्या वासावरून कळतात, असेंहि त्या म्हणाल्या. पण तो धूर छातीला वाईट, म्हणून त्या होतां होईल तों तें टाळतात. आणि गच्चीवरची बादली? ती आली कीं त्या कडेला नखानें खरवडून पाहतात. नखावर पांढरी पूड दिसली कीं बादली दुसऱ्या ढिगांत जाते. त्या ढिगाचा भाव निराळा.